रंगभवनाचे साक्षीदार

१९८०च्या मार्च महिन्यात मुंबईतील धोबीतलावाच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, ‘द पोलीस’ या विलायती रॉक-त्रयीचा जो जलसा महिलांच्या ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ने धर्मादाय कार्यार्थ घडवून आणला, त्यास आपण जातीने हजर होतो असे प्रतिज्ञेवर सांगणाऱ्या सद्गृहस्थांची संख्या दरसाल अशा जोमाने वाढत आहे की, काही हजारांचीच सोय असलेल्या त्या वास्तूत हा समुदाय मावला कसा, याचा खुलासा आता नगररचना खात्यानेच करावा. त्यांपैकी एकाने, रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर गिळता गिळता, स्टिंगने त्या रात्री ड्रम कसे बडवले याचे हातवाऱ्यांसह साद्यंत वर्णन मला ऐकविले. स्टिंग गात असे व बास गिटार वाजवीत असे, आणि ड्रमवर स्टुअर्ट कोपलँड बसे, ही गोष्ट अलाहिदा. इतक्या जुन्या साक्षीदाराची उलटतपासणी कोणी घ्यावी? पुढे इस्पितळे व महाविद्यालय यांच्या सान्निध्यामुळे तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातील मैफली थंडावल्या, तेव्हा सरकारच्या अरसिकतेवर हळहळणारे हेच गृहस्थ, वरच्या मजल्यावरील मुलाने गिटार छेडताच, सोसायटीच्या चिटणिसांकडे लेखी फिर्याद गुदरतात, आणि तीही तीन प्रतींत.