शेकाट्यांनो, आमच्या नदीची बदनामी थांबवा

प्रति,
श्री. व सौ. शेकाटे आणि परिवार,
वालधुनी नदीचं पात्र, पुलाखालचा गाळ,
उल्हासनगर, जि. ठाणे.

विषय : आपल्या वर्तनामुळे काठावरच्या सभ्य रहिवाशांची होणारी बदनामी तातडीने थांबवण्याबाबत.

महोदय / महोदया,

पावसाळा सरला की आपण सहकुटुंब आमच्या पुलाखाली येता, काळ्या पाण्यात उभे राहता आणि दिवसभर चोचीने गाळ उपसत बसता. आजवर शेजारधर्म म्हणून आम्ही गप्प राहिलो. आता मात्र गळ्याशी आलं आहे.

पहिला मुद्दा परवानगीचा. हे शहर मुळात कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या बराकींत आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पुढे आम्ही बांधकामाचा असा धडाका लावला की अनधिकृत इमारती नियमित करण्यासाठी सरकारला २००६ साली या एका शहरापुरता वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे नियम मोडण्याचीही इथे एक रीत आहे : आधी बांधा, मग अर्ज करा, मग दंड भरा. आपण ना अर्ज केला, ना दंड भरला. नुसते उभे राहिलात.

दुसरा मुद्दा आपल्या पायांचा. एवढे लांब, एवढे गुलाबी पाय पाहून आमच्या सोसायटीत बराच काळ असा समज होता की त्या दिवशी वर कुठेतरी गुलाबी माल धुतला असणार. गैरसमज साहजिक होता. जीन्सच्या धुलाई कारखान्यांच्या भरभराटीच्या काळात या पाण्याने निळ्याच्या सगळ्या छटा दाखवल्या. कारवाईनंतर त्यातले अनेक कारखाने बंद पडले. पण पाय रंगीत दिसले की आमची नजर अजून आधी गटाराच्या तोंडाकडे जाते. आपले पाय निसर्गतःच गुलाबी असतात, हे पक्ष्यांच्या पुस्तकात वाचलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता मुख्य तक्रार. गेल्या हिवाळ्यात सचिवांनी आपला फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर टाकला. ‘पक्षी परतले, नदी सुधारली!’ दोन्ही विंगांतून अंगठे वर झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच पात्रात घातक रसायन ओतलं गेलं आणि शेकडो काठकऱ्यांना श्वास कोंडून दवाखान्यात धाव घ्यावी लागली, हे त्या दिवशी कुणाला आठवलंही नाही. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणापायी राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली ९५ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता, तोही नाही. आपण आलात म्हणजे सगळं मिटलं, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं.

आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या, बारावी सायन्सच्या एका अगोचर मुलीने विचारलं, ‘पण ते खातात काय?’

महोदय, आपण खाता काय, हे जाहीर करण्याची काही गरज होती का? मैलापाण्याच्या गाळात किड्यांच्या लालभडक अळ्या वळवळत असतात. आपल्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन त्यांच्याही अंगात असतं. म्हणून जिथे पाण्यातला प्राणवायू संपून मासा तडफडतो, तिथे त्या सुखाने नांदतात. ही मेजवानी आमच्या मोऱ्या आणि संडास पुरवतात. आपण नदी सुधारली म्हणून येत नाही, नदी नासली म्हणून येता! आम्ही ज्याला प्रशस्तिपत्र समजून फ्रेम करणार होतो, तो तपासणीचा अहवाल निघाला. घरचं असं चव्हाट्यावर मांडणाऱ्याला चांगला शेजारी म्हणत नाहीत.

वागावं कसं, ते त्या निळ्या छोट्या खंड्याकडून शिका. तो मासे खातो. आमच्याकडे मासे नाहीत, म्हणून तो पुलाखाली फिरकत नाही आणि चारचौघांत आमची शोभाही करत नाही. त्याला भेटायचं तर अंबरनाथच्या वर, काकोळ्याच्या जीआयपी धरणाकडे जावं. वालधुनी तिथल्या डोंगरांतून निघते. तिथलं पाणी इतकं बरं की रेल्वे ते शुद्ध करून बाटलीत भरते आणि प्रवाशांना विकते. तीच नदी खाली औद्योगिक वसाहत आणि दाट वस्ती ओलांडून आमच्या पुलाशी पोचते, तेव्हा खिडकी लावून घ्यावी लागते. मधल्या काही किलोमीटरांत काय घडतं, हा प्रश्न आपण गाळात चोच खुपसून रोज विचारता. आम्हाला तो आवडत नाही.

आम्ही धर्मशील माणसं आहोत, हेही ध्यानात घ्यावं. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर याच नदीच्या काठी आहे. महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. आमच्या सिंधी शेजाऱ्यांचे झूलेलाल तर साक्षात पाण्याचे देव, पल्ला माशावर विराजमान. अशा देवाच्या भक्तांच्या आणि शंभूच्या भक्तांच्या गावातून वाहणाऱ्या नदीत देवाला बसायला मासा उरला नाही, ही गोष्ट आम्ही सगळे मिळून नीट झाकून ठेवली होती. निर्माल्यसुद्धा आम्ही कसं, प्लास्टिकच्या पिशवीला घट्ट गाठ मारून पुलावरून सोडतो. पिशवीत काय आहे ते नदीलाही कळू नये.

पुराच्या दिवसांतही आपली साथ नसते. २६ जुलै २००५ च्या पुरापासून काठावरच्या तळमजल्यांनी पाण्याचा धसका घेतला आहे. जोराचा पाऊस लागला की माणसं पोटमाळ्यावर चढतात, फ्रिज खाटेवर चढतो. आपण त्याआधीच पंख पसरून निघून गेलेले असता. नदीला पसरायला ठेवलेली जागा आम्ही भरणी टाकून वापरात आणली, त्याचा हिशेब ती अशी चुकता करते. तेव्हा पंचनाम्याला तरी थांबत जा.

आपली बाजूही आम्ही समजून घेतो. ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचेही पाय गुलाबीच. त्यांना २०१५ मध्ये अभयारण्य मिळालं, २०२२ मध्ये त्या अभयारण्याला रामसर पाणथळ जागेचा मान मिळाला, आणि त्यांना बघायला लोक पैसे देऊन बोटीत बसतात. आपल्याला बघायला नाकाला रुमाल लावलेला एक सचिव येतो. दुःख मोठं आहे, पण त्याचा सूड आमच्यावर का?

सबब आपणांस कळवण्यात येतं की,

१. आपण अन्यत्र स्थलांतर करावं. बदलापूरला, उल्हास नदीच्या वरच्या अंगाला जागा बघावी. तिथेही इमारती झपाट्याने उठत आहेत, तेव्हा त्वरा करावी.
२. ते जमत नसेल तर फोटोपुरतं उभं राहावं, खाऊ नये.
३. खाल्ल्याशिवाय राहवत नसेल तर काय खाता ते बारावीच्या मुलीला सांगू नये.

आपला,
काठावरचा एक सुजाण रहिवासी

प्रत, वाचण्यासाठी व कार्यवाहीसाठी : वालधुनीच्या दोन्ही काठांवरचे समस्त शेजारी. शेकाट्यांना वाचता येत नाही, तुम्हाला येतं. पुलाखाली पक्षी आहेत का, एवढंच पाहू नका. कोणते आहेत आणि काय खातात, ते पाहा. छोटा खंड्या सूर मारून मासा घेऊन वर येईल तेव्हाच नदी सुधारली असं माना, आणि तोवर सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडा हा तगादा नगरसेवकापासून आमदारापर्यंत प्रत्येकाकडे लावा. निर्माल्याची पिशवी मात्र आजच घरी परत न्या, त्यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नाही.