माहितीची देवाणघेवाण : एक अभिनंदन

आपल्या सुरक्षा यंत्रणा एकमेकींना माहिती देत नाहीत, अशी कुरकुर काही नतद्रष्ट लोक करतात. त्यांनी इतिहास पाहावा. माहिती असते, पण ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हे कारगिलनंतर ध्यानात आले. म्हणून 2001 साली इंटेलिजन्स ब्यूरोत ‘मल्टी एजन्सी सेंटर’ निघाले. 2008 मध्ये मुंबईवरील हल्ल्यानंतर तेच पुन्हा ध्यानात आले. (एकच शोध दोनदा लावायला चिकाटी लागते.) मग ते केंद्र बळकट झाले आणि जोडीला नॅटग्रिडची कल्पना आली : बँक, कर, रेल्वे, विमान यांच्या नोंदी एकाच खिडकीत. मात्र मूळ नोंद ज्याची त्याच्याच कपाटात. मानापमान सांभाळल्याशिवाय सहकार्य होते कुठे?

आमची एक नम्र सूचना. प्रत्येक इशाऱ्यावर दोनच शिक्के असावेत : ‘पाठवला’ आणि ‘मिळाला’. ‘वाचला’ हा तिसरा शिक्का कुणी बनवू नये. त्यातून जबाबदारी निर्माण होते, आणि जबाबदारी आली की चौकशी समिती बसते. मग तिचा अहवालही गोपनीय ठेवावा लागतो.

माहिती वाटण्यासाठी जन्मलेल्या नॅटग्रिडला जून 2011 मध्येच माहिती अधिकार कायद्याच्या सवलतीच्या यादीत बसवले, हेही उत्तम झाले. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप नसेल, तर नागरिकाने तिथे अर्ज करू नये. त्याचा पत्ता त्यांना सापडेलच.