श्रावणातला गळ

भिवंडीच्या खाडीत श्रावणात मासा लागायला लागतो आणि नेमका तेव्हाच आमच्या घरात मासा चालत नाही. ही व्यवस्था ज्याने कुणी लावली, तो मिश्कील असला पाहिजे.

आषाढात उल्हास नदी खाडीत एवढं गोडं पाणी आणि गाळ आणून ओतते की खाऱ्या पाण्यातली मासळी वसईच्या मुखाकडे सरकते. सरी विरळ झाल्या की भरतीबरोबर खारेपणा पुन्हा वर चढतो. खाजणात वाढलेली कोळंबी बाहेर पडते आणि तिच्या मागोमाग तिला खाणारे येतात. यांत्रिक बोटींवरची १ जून ते ३१ जुलैची बंदी तोवर उठलेली असते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळही मिळतो. मग कशेळीच्या पुलाच्या आजूबाजूला आणि काल्हेर-केवणीच्या काठाने गळवाले दिसू लागतात. रात्रपाळी संपवून थेट आलेला मागवाला, गोदामातला हमाल, पेन्शनीतले मास्तर. १६५७ साली कल्याण-भिवंडी घेऊन शिवाजी महाराजांनी ज्या खाडीत आरमाराची सुरुवात केली, त्याच खाडीत आम्ही तंगुसाला मागाचा जुना नट बांधून बसतो. शिसं विकत घेणारा माणूस इथे जरा उधळ्याच समजला जातो.

भरतीची वेळ हल्ली मोबाइलवर दिसते, पण काठावर अजून जुना हिशेब चालतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास मिळतो. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. हा झाला मुंबईच्या किनाऱ्याचा हिशेब. पाणी आमच्यापर्यंत चढायला आणखी वेळ घेतं, तो ज्याने त्याने आपल्या अनुभवाने मिळवायचा. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याला ओढ कमी, पुनवे-अवसेला उधाण. त्यामुळे श्रावणात मी रोज सकाळी पंचांगासमोर उभा राहून काहीतरी पुटपुटत असतो. सासूबाईंचं माझ्याविषयीचं मत गेल्या काही वर्षांत सुधारलं आहे, त्याचं कारण एवढंच.

गळाला लागतो तो बहुतेक वेळा शिंगाळा. मिशा असलेला, बुळबुळीत, आणि वर काढल्यावर करकर आवाज करून तक्रार करणारा. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे काटे ताठ उभे राहतात. टोचला तर कोपरापर्यंत कळ जाते. म्हणून जाणकार त्याला आधी चपलेखाली दाबतो, पकडीने काटे मोडतो आणि मगच गळ सोडवतो. हे चालू असताना शेजारचा हमखास विचारतो, "जिताडा हाय का?" त्याला दिसत असतं की नाही. तरी विचारायचं असतं.

जिताडा म्हणजे आगरी पंगतीचा मान. बंगालात तो भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामंडी. गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांत राहतो, नर म्हणून वाढतो आणि पुरेसा मोठा झाला की मादी होतो. तेव्हा मोठ्या जिताड्याच्या गोष्टी सांगताना 'तो सुटला' म्हणणारे सगळे व्याकरणात चुकत असावेत. अर्थात सुटलेल्या जिताड्याचं वजन दरवर्षी वाढत जातं, हे मात्र कुठल्याही व्याकरणाने थांबत नाही.

वरच्या अंगाच्या कारखान्यांचं पाणी उतरलं की मासळीला रॉकेलसारखा वास मारतो. त्या दिवशी धरलेलं सगळं परत पाण्यात जातं, आणि आम्ही त्याला जीवदया म्हणतो.

बाकीच्या दिवशी धरलेल्याचं काय करायचं, हा श्रावणातला खरा पेच. घरात नेता येत नाही, सोडवत नाही. आमच्या चाळीत तो खालच्या मजल्यावरच्या खालांनी सोडवला. जिन्यातच पिशवी त्यांच्या हाती द्यायची आणि वर जाऊन हातपाय धुऊन कहाणी ऐकायला बसायचं. दुसऱ्या दिवशी पिशवी धुऊन परत येते, आत दोन लिंबं किंवा थोड्या शेवया.

यंदा मात्र त्यांनी पिशवीत डोकावून सरळ विचारलं, "भाऊ, दरसालला शिंगालाच. जितारा कदी?"

"गणपती जाऊ द्या, खाला. तेव्हा येतो तो."

"ठावं हाय," खाला म्हणाल्या. "तवा तुमच्याकरंबी चालतं ना."