जीभ दाखवा, आधी रेंज दाखवा

पूर्वी मुरगूडहून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जायचं तर एसटी, भाकरीचं गठुळं आणि अख्खा दिवस लागायचा. आता ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर डॉक्टर घरबसल्या, तेही फुकट. फक्त रेंजसाठी माडीवर चढावं लागतं. गुडघेदुखीच्या रुग्णाला तेवढाच व्यायाम!

डॉक्टर विचारतात, "आजी, कुठं दुखतंय?" आजी म्हणते, "हितं!" आणि कॅमेऱ्यात दिसतो सिलिंग फॅन. नातू मोबाईल खाली धरतो, तेवढ्यात चित्र गोठतं. आजीला वाटतं, डॉक्टरलाच झटका आला.

चेष्टा पुरे. टेलिमेडिसिनबद्दलच्या २५ मार्च २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना रुग्णाच्या बाजूच्या आहेत: डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक कळलाच पाहिजे, फी घेतली तर पावती मिळालीच पाहिजे, आणि झोपेच्या काही गोळ्यांसह अमली औषधं फोनवर लिहून देता येत नाहीत. पण हे विचारायचं कोणी? आपण भाजीवाल्याकडं कोथिंबीर फुकट मागतो, डॉक्टरांकडं नोंदणी क्रमांक मागायला मात्र लाजतो.

तेव्हा क्रमांक विचारा, चिठ्ठी जपून ठेवा. आणि छातीत कळ आली तर रेंज शोधू नका, रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.