महामहिम सालाझार यांस अनावृत आभारपत्र

सेवेशी,
महामहिम डॉ. आंतोनियु सालाझार,
पोर्तुगालचे (स्वतःच्या समजुतीनुसार अखेरपर्यंतचे) पंतप्रधान, लिस्बन.

विषय : राजकीय कैद्यांच्या सुटकेच्या चळवळीस केलेल्या बहुमोल साहाय्याबद्दल.

स. न. वि. वि.

महामहिमांच्या राजवटीने या चळवळीवर केलेल्या उपकारांची नोंद इतिहासकारांनी पुरेशा आदराने घेतलेली नसल्यामुळे प्रस्तुत पत्राचा प्रपंच आहे.

१९३३च्या राज्यघटनेवर उभारलेल्या ‘एश्तादो नोवो’त, म्हणजे ‘नव्या राज्या’त, अधिकृतपणे राजकीय कैदी नव्हतेच, होते ते राज्याच्या सुरक्षेविरुद्धचे गुन्हेगार, आणि त्यांच्यासाठी १९५६च्या हुकमाने ‘सुरक्षा उपाय’ नावाची अशी सोय करण्यात आली की, शिक्षा भोगून झालेला कैदी अजूनही धोकादायक असल्याचे ठरल्यास त्याला सहा महिने ते तीन वर्षे आणखी डांबता येई आणि ही मुदत पुन्हा पुन्हा वाढवता येई. सुटकेची तारीखच अशी निसरडी करून ठेवल्यामुळे कैद्यांच्या हितचिंतकांना तिची वाट पाहत स्वस्थ बसता आले नाही, याचे श्रेय निःसंशय महामहिमांचे होय.

स्वातंत्र्याच्या नावाने पेले उंचावल्याबद्दल दोन पोर्तुगीज विद्यार्थ्यांना कैद झाल्याची बातमी वाचूनच आपण हे काम हाती घेतले, असे लंडनचे वकील पीटर बेनेन्सन सांगत. २८ मे १९६१ रोजी ‘ऑब्झर्व्हर’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखातून ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. पाश्चात्त्य, साम्यवादी आणि तिसऱ्या जगातल्या देशांतला एकेक कैदी प्रत्येक गटाने ‘दत्तक’ घ्यायचा आणि संबंधित सरकारांना सभ्य भाषेत पत्रे पाठवत राहायचे, ही तिची रीत होती. मात्र ज्याने हिंसा केली वा पुरस्कारली नाही, तोच तिच्या व्याख्येनुसार ‘सदसद्विवेकाचा कैदी’ ठरे.

मोहन रानडे या व्याख्येत बसत नव्हते. गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेलेले आणि गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झालेले रानडे ऑक्टोबर १९५५मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील सशस्त्र हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली आणि १९६०मध्ये त्यांची रवानगी लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात करण्यात आली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, भारताने तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी परत पाठवले, तरी गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत असल्याचे मानणाऱ्या महामहिमांनी, नसलेल्या प्रांतातला हा गुन्हेगार मोठ्या निष्ठेने सांभाळला. मुक्तीनंतरच्या या सात वर्षांमुळे सशस्त्र बंडखोराच्या शिक्षेचा वाद मिटून केवळ एका हट्टाचा प्रश्न उरला, आणि सुटकेच्या मागणीमागे सर्व मतांची माणसे उभी राहिली. ज्या वर्षी रानडे पकडले गेले त्याच वर्षी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणाचे संगीतकार सुधीर फडके यांनी मराठी मुलखात या चळवळीत पुढाकार घेतला, तर मद्रास राज्याचे (आजच्या तमिळनाडूचे) निरीश्वरवादी मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८मध्ये थेट पोप सहावे पॉल यांना साकडे घातले. अर्जविनंत्यांना दाद न देणारी राजवट स्वतःला ख्रिस्ती सभ्यतेची पहारेकरी म्हणवत असल्यामुळे पोपचा शब्द तिला सहज मोडता येईना; अशा सरकारची दया जागवण्यापेक्षा त्याची प्रतिष्ठा पणाला लावणे अधिक फलदायी ठरते, हा या मोहिमेचा धडा आहे.

जानेवारी १९६९मध्ये, पुरती चौदा वर्षेही न भरता, हा वनवास संपला. तोवर आजारी महामहिमांच्या जागी कायतानो आले होते; परंतु सत्ता गेल्याची वार्ता भोवतीच्या मंडळींनी महामहिमांपासून दडवून ठेवली, असे सांगतात. बातम्या अडवण्याचे जे शास्त्र कैद्यांसाठी विकसित झाले, ते अखेर त्याच्या पुरस्कर्त्याच्या शुश्रूषेत कामी आले. एप्रिल १९७४च्या क्रांतीत काशियशचे दरवाजे उघडले आणि अस्तित्वातच नसलेले राजकीय कैदी रांगेने बाहेर पडले.

हल्लीच्या समानधर्मी राजवटींनाही आपल्याकडे असे कैदी नसल्याची खात्री आहे. त्यांना महामहिमांनी अनुभवाचे दोन शब्द कळवावेत.

कळावे. लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.