सध्या मोकळीच आहे

मराठी कथालेखकाचं वर्ष चैत्रात सुरू होत नाही, ज्येष्ठात सुरू होतं. दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन तेव्हापासून यायला लागतात. आषाढभर 'लिहितेय' म्हणायचं, श्रावणात खरोखर लिहायचं, गणपतीत कथा पाठवायची आणि नवरात्रात 'मिळाली ना?' म्हणून विचारायचं. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही घडी बसली, ती अजून मोडलेली नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत दोन-चार वाचकांचे फोन येतात, मग सामसूम. मानधन शिमग्यापर्यंत येतं किंवा येत नाही. पण त्यावरून शिमगा करायची आपल्यात रीत नाही.

त्यातून कादंबरीही नुकतीच प्रकाशकाकडे गेलेली असली, तर विचारायलाच नको. एवढे महिने ज्यांच्याशी मनातल्या मनात भांडले, ती माणसं आता प्रकाशकाच्या कपाटात पडून असतात आणि नवी अजून आलेली नसतात. नेमकं याच दिवसांत कॉलेज रोडवर, भाजीच्या गाडीपाशी, सार्वजनिक वाचनालयात पुस्तक बदलताना जो तो विचारतो, "मग, सध्या नवीन काय?" 'काही नाही' म्हटलं की समोरचा प्रकृतीची चौकशी करतो. 'विचार चाललाय' म्हटलं की ती थाप वाटते.

घरात असले प्रश्न नसतात, तिथे थेट कामं असतात. "तू सध्या मोकळीच आहेस ना?" एवढ्या एका वाक्यावर बँकेतली केवायसी, सासूबाईंचा चष्मा आणि गिरणीतली भाजणी माझ्या नावावर चढते. सोसायटीच्या सेक्रेटरींना तर माझ्या मोकळेपणाचा वास लांबून येतो. "मॅडम, तुम्ही लेखिका ना? मग पाण्याच्या टाकीची नोटीस तुम्हीच लिहा." लिहिली. टाकी धुण्याचा वार, पाणी बंद राहण्याची वेळ आणि बादल्या भरून ठेवण्याची विनंती, सगळं पाच ओळींत. माझ्या कुठल्याही कथेला मिळाले नसतील एवढे वाचक तिला एका सकाळीत मिळाले, आणि खाली कुणीतरी निळ्या पेनाने समीक्षाही लिहिली, 'वेळ पाळावी'. तेव्हापासून नोटीस हा साहित्यप्रकार मी गांभीर्याने घेते. त्यात प्रस्तावना चालत नाही, निसर्गवर्णन चालत नाही आणि शेवट मोघम ठेवता येत नाही.

एका प्रकारात हात बसला की वाचक आणि संपादक मिळून आपल्याला तिथेच बसवून ठेवतात. 'तुमच्या नेहमीच्या पद्धतीची कथा द्या,' असं कौतुकानेच म्हणतात. हळूहळू आपणही नेहमीच्या पद्धतीचे होत जातो. मधल्या रिकाम्या काळाचा खरा उपयोग इथे आहे. कुणी काही मागत नसतं, त्यामुळे न येणारं काहीतरी करून बघता येतं.

आमच्या नाशकात याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. तिळकवाडीत राहणारे तात्यासाहेब शिरवाडकर तरुणपणी 'सती सुलोचना' या सिनेमात लक्ष्मण झाले होते, पटकथाही त्यांचीच. पुढे 1942 साली 'विशाखा' आली आणि कुसुमाग्रज हे त्यांचं टोपणनाव घरोघरी गेलं. दुसरा कुणी असता तर जन्मभर 'विशाखा'च्या पुढच्या आवृत्त्या मोजत बसला असता. यांनी 'वैष्णव' कादंबरी लिहिली, ऑस्कर वाइल्डच्या नाटकावरून 'दूरचे दिवे' लिहिलं, कथा लिहिल्या, लघुनिबंध लिहिले. 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं ते 1970 साली, तेव्हा ते 58 वर्षांचे होते. कवितेला एक नाव आणि बाकीच्याला दुसरं, अशी सोयही त्यांनी करून ठेवली होती. आम्हाला एकच नाव आहे आणि तेही वीजबिलावर चुकीचं छापून येतं.

वसंतराव कानेटकर एच. पी. टी. कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि 'पंख', 'पोरका'सारख्या कादंबऱ्या लिहीत. 1957 साली 'वेड्याचं घर उन्हात' आलं आणि कादंबरीकार मागे पडून नाटककार पुढे आला. तिथेही ते एका जागी थांबले नाहीत. 1962 साली 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे ऐतिहासिक, 1964 साली 'मत्स्यगंधा' हे संगीत नाटक आणि 1966 साली हसतंगातं 'लेकुरे उदंड जाली'. आणि नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी कवितांनंतर 'स्मृतिचित्रे' लिहायला घेतली ती उतारवयात. पहिला भाग 1934 साली आला तेव्हा त्यांची साठी कधीच उलटली होती.

शिरवाडकरांच्या तीन कादंबऱ्या आज किती जणांना आठवतात? फार नाही. पण म्हणून त्यांना कुणी नापास केलेलं नाही. फसलेल्या प्रयोगाची भीती लेखकालाच जास्त असते, वाचक तो केव्हाच विसरून गेलेला असतो.

निफाडकडे माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. माल उतरला की एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी होते, बाग उघडीबोडकी दिसते, मग नुसती पानंच पानं. बघणाऱ्याला वाटावं, आता ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत इथे काही घडायचं नाही. प्रत्यक्षात पुढच्या हंगामाचे घड याच उन्हाळ्यात काडीच्या डोळ्यात तयार होतात, ऑक्टोबरनंतर ते फक्त बाहेर येतात. त्यासाठी मामा त्या दिवसांत पाणीसुद्धा मुद्दाम कमी करतात. आमचं मानधन बहुधा याच शास्त्राने कमी ठेवत असावेत.

तर यंदाच्या मोकळ्या दिवसांत मी एकांकिका लिहायला घेतली. आमच्या ओळखीतल्या एका तरुण दिग्दर्शकाला वाचून दाखवली. त्यातल्या सुलभाला नवऱ्याचा संशय येतो त्या जागी मी लिहिलं होतं, 'सुलभाच्या मनात पाल चुकचुकली.' तो नम्रपणे म्हणाला, "ताई, ही पाल स्टेजवर कोण आणणार?" कथेत मी सुलभाच्या मनात खुशाल ये-जा करू शकले असते, इथे प्रेक्षकाला दिसणार फक्त तिचे हात. मग पाल काढली. आता सुलभा पाहुण्यांसाठी स्टीलचे पेले ट्रेमध्ये मांडते, चार मांडते, नवऱ्याकडे बघते आणि एक पेला उचलून परत फडताळात ठेवते. संवाद नाही. वाचताना दिग्दर्शकाने मान वर केली ती तिथेच. कथेत याच प्रसंगाला मी दीड पान घेतलं असतं, आणि ते दीड पान वाचकांना आवडलंही असतं, हीच तर अडचण आहे.

एकांकिका चांगली झाली का, ते अजून ठरायचं आहे. पण त्यानंतर लिहायला घेतलेल्या कथेत माणसं कमी बोलतात आणि हातांनी जास्त काही करतात, एवढा फरक मला दिसतो.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नाशकात परशुराम साईखेडकर नाट्यगृहात होते. तिकीट मिसळीच्या प्लेटपेक्षा स्वस्त असतं आणि मागच्या रांगा बहुतेक मोकळ्या असतात. एखाद्या संध्याकाळी जाऊन बसा. पन्नाशीतला एखादा नवशिका नाटककार विंगेत घामाघूम उभा असेल. नाटक पडलं तरी टाळ्या वाजवा.