बिनपगारी कारभारी

बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस, फार तर नोव्हेंबरच्या प्रारंभी संपतो, आणि मग सामान्य प्रेक्षक आपली टोपी खुंटीला अडकवून घरच्या कामांना लागतो. परंतु न्यू यॉर्क मेट्स या संघाचा एखादा निष्ठावंत ज्यांच्या परिचयात आहे त्यांना हे सांगायला नको, की या गृहस्थाचे खरे काम त्याच सुमारास सुरू होते, कारण ज्या खेळाडूंच्या करारांची मुदत संपली आहे आणि ज्यांना वाटेल त्या संघाची चाकरी पत्करण्याची मुभा मिळाली आहे अशांपैकी कोणाला, किती वर्षांच्या बोलीने आणि किती कोटींच्या तनख्यावर पदरी ठेवावे, याची समग्र जबाबदारी, कोणीही न सोपविता, त्याने स्वतःच्या शिरावर घेतलेली असते. न्यू जर्सीतल्या एडिसन गावात, आमच्या घरापासून दोन वळणांवर, असे एक गृहस्थ राहतात. मूळचे साताऱ्याचे, व्यवसायाने अभियंता, वृत्तीने सालस. आम्ही मराठी मंडळी त्यांना 'कारभारी' म्हणतो. त्यातला उपरोध त्यांच्या कधी ध्यानात आलेला नाही, ते त्यास हुद्दा समजतात.

डिसेंबरातल्या कोणत्याही रात्री साडेअकराच्या सुमारास फोन वाजला, की पलीकडून नमस्कार-चमत्कार काही न होता दोनच शब्द येतात : "विमान सुटलं." आकाशातल्या यच्चयावत विमानांची हालचाल दाखविणारी एक सोय त्यांच्या फोनमध्ये आहे, आणि तिच्या आधारे कारभारी कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेक्सास अशा मुलखांतून आमच्याजवळच्या टेटरबरो या खासगी विमानांच्या तळाकडे येणाऱ्या लहान विमानांवर अशी पाळत ठेवतात, की नाना फडणिसांनी त्यांना डोळे झाकून हरकाऱ्यांचे जमादार नेमले असते. विमानात कोण आहे हे अर्थात दिसत नाही. ते कारभारी ठरवितात.

या शास्त्राचा उगम सांगितलाच पाहिजे. २०२३ च्या डिसेंबरात शोहेई ओतानी हा चेंडूही फेकणारा आणि फटकेही मारणारा अद्वितीय जपानी खेळाडू कोणत्या संघात जाणार, या विवंचनेत सारे बेसबॉल-विश्व असताना, ८ तारखेला एक खासगी विमान दक्षिण कॅलिफोर्नियातून टोरांटोकडे निघाले, आणि त्यात ओतानीच आहे या समजुतीने सहस्रावधी माणसे त्या पडद्यावरच्या ठिपक्यामागून मनाने कॅनडापर्यंत गेली; विमान उतरले, दार उघडले, आणि आतून रॉबर्ट हर्जावेक नावाचे एक कॅनेडियन उद्योजक सहकुटुंब बाहेर आले. दुसऱ्याच दिवशी ओतानीने लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरांचा करार जाहीर केला. कोणाही विवेकी मनुष्याने या प्रसंगानंतर विमानांचा नाद सोडला असता. कारभाऱ्यांनी मात्र त्या दिवशी, मेट्सचा त्या व्यवहाराशी सुतराम संबंध नसताना, दुपारचे जेवण टाकून तो ठिपका पाहिला, आणि तेव्हापासून ते अधिक सावधपणे, म्हणजे एका वेळी तीन-तीन विमाने पाहू लागले.

वहिनींचे म्हणणे वेगळे आहे. त्या म्हणतात, "मुंबईहून माझी आई आली, पाऊण तास न्यूअर्कला चाकाच्या खुर्चीत बसून राहिली. ह्यांचं लक्ष टेटरबरोवर!" कारभाऱ्यांचा यावर खुलासा असा, की सासूबाईंचे विमान वेळेवर येणार हे वेळापत्रकात छापलेलेच होते, त्यात पाहण्यासारखे काय होते?

त्यांच्या हिशेबाची पद्धतही नमूद करण्याजोगी आहे. साताऱ्याहून आणलेली लाल कापडी बांधणीची एक लांबोडकी खतावणी आहे, आणि तीत दर नोव्हेंबरात नवे पान उघडून क्षेत्ररक्षणाच्या जागांचे रकाने पाडले जातात : जे खेळाडू आपले आहेत ते शाईने, जे आपले होतील ते पेन्सिलीने. हेच कारभारी आमच्या मराठी मंडळाचे खजिनदार आहेत, आणि हळदीकुंकवाच्या वाणासाठी पन्नास डॉलर जास्त लागले तर ते तीन बैठका आणि दोन पावत्या मागतात, ओक ट्री रोडवर कोथिंबिरीच्या जुडीमागे दहा सेंट वाढले म्हणून दुकानदाराशी तात्त्विक वाद घालतात, आणि तेच घरी येऊन खतावणीत एखाद्या डावखुऱ्या गोलंदाजापुढे '५ वर्षे, १२ कोटी' असे लिहितात व म्हणतात, "एवढं तर आपण देऊच." हा 'आपण' कोण, असे मी एकदा विचारले. त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिले, की मी पुन्हा विचारले नाही.

वास्तविक हे पैसे स्टीव कोहेन या धनाढ्य गृहस्थांचे आहेत. त्यांनी २०२० साली मेट्स संघ विकत घेतला तो दिवस कारभाऱ्यांच्या घरी गोडधोडाचा झाला, आणि पुढे २०२२ च्या सामुदायिक करारात अतिरिक्त वेतनखर्चावरील कराला एक नवी, सर्वांत वरची पायरी जोडण्यात आली व तिला लोक 'कोहेन-कर' म्हणू लागले, तेव्हा कारभाऱ्यांचा ऊर भरून आला. "आपल्यासाठी वेगळा कर बसवलाय," असे ते ज्या स्वरात सांगत, त्या स्वरात माणसे एरवी मुलाला मिळालेली शिष्यवृत्ती सांगतात.

२०२४ चा डिसेंबर हा त्यांच्या कारकीर्दीचा मध्यान्ह. हुआन सोटो हा डॉमिनिकन फलंदाज, त्याच वर्षी न्यू यॉर्कच्याच यांकीज या संघाकडून खेळलेला, स्कॉट बोरास या नामांकित मुखत्यारामार्फत एकेका संघमालकाची बोली ऐकत होता, आणि इकडे त्याची इतकी विमाने सुटली, की एका आठवड्यात तो गरीब तीनदा एकाच वेळी दोन ठिकाणी होता. अखेर एका रविवारी रात्री बातमी फुटली : मेट्स, १५ वर्षे, ७६ कोटी ५० लाख डॉलर. कारभाऱ्यांनी खतावणीतले पेन्सिलीचे नाव शाईने गिरविले, मागल्या वर्षीच्या दिवाळीचे उरलेले आकाशकंदील बाहेर लावले, आणि मला हिशेब समजावला : "वर्षाला पाच कोटी दहा लाख. काही महाग नाही." त्यांचा जावई अमेरिकन आहे आणि यांकीजचा चाहता आहे, यांपैकी पहिली गोष्ट त्यांनी तात्काळ स्वीकारली होती. यांकीजने १६ वर्षांसाठी ७६ कोटी देऊ केले होते, म्हणून जावई म्हणाला, की तो पन्नास लाखांसाठी गेला. "निष्ठेसाठी आला," कारभारी म्हणाले.

"विमानानं आला का?" मी विचारले.

"ते अजून निश्चित व्हायचंय," ते गंभीरपणे म्हणाले.

याच्या उलट जे झाले तेही लिहून ठेवतो. २०२२ च्या डिसेंबरात कार्लोस कोरिया या खेळाडूचा सॅन फ्रान्सिस्कोशी ठरलेला ३५ कोटींचा व्यवहार वैद्यकीय तपासणीत अडकला, कोहेनसाहेबांनी हवाईत सुट्टीवर असताना मध्यरात्री सूत्रे हलवून त्यास १२ वर्षांच्या व ३१ कोटी ५० लाखांच्या बोलीने आपल्याकडे वळविले, आणि मग मेट्सच्या वैद्यांनाही त्याच्या घोट्यात तीच जुनी दुखापत दिसली. त्या तीन आठवड्यांत कारभाऱ्यांना मनुष्याच्या घोट्यातील अस्थी, स्नायू आणि धातूची पट्टी यांचे जे ज्ञान झाले ते सरकारी रुग्णालयात वर्षानुवर्षे काढूनही होत नसते. फ्लशिंगच्या गणपतीला, जिथे तळघरातल्या उपाहारगृहाच्या डोशाची कीर्ती मूर्तीच्या खालोखाल आहे आणि जे देऊळ मेट्सच्या मैदानापासून फारसे दूर नाही, त्यांनी त्या घोट्यासाठी एकवीस मोदकांचा नवस बोलला. जानेवारीत कोरिया मिनेसोटाशी ६ वर्षांचा करार करून परत गेला. मोदक वहिनींनी केलेच. त्यांचे म्हणणे, देवाचा यात दोष नव्हता.

हा सारा खटाटोप ज्याच्यामुळे शक्य झाला त्याची आठवण कारभाऱ्यांच्या जमातीत क्वचितच निघते. एके काळी बेसबॉलपटू एकदा एका संघाच्या दफ्तरी नोंदला गेला, की मालक विकेल किंवा सोडील तेव्हाच सुटत असे. सेंट लुईसने आपल्याला फिलाडेल्फियाला परस्पर देऊन टाकले याविरुद्ध कर्ट फ्लडने १९६९ साली दंड थोपटले, तो १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात हरला आणि त्याची कारकीर्द बुडाली. मग १९७५ च्या डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादाने मेसरस्मिथ व मॅकनॅली या दोघा गोलंदाजांच्या बाजूने निवाडा दिला आणि बेडी तुटली. एका माणसाने आपले आयुष्य पणाला लावले त्याचे दूरचे फळ म्हणजे माझी मोडलेली झोप, असे मी कधीकधी मनाशी म्हणतो. कारभाऱ्यांपाशी म्हणालो तर ते फ्लडला पूर्वलक्षी प्रभावाने करारबद्ध करतील.

आयपीएलच्या लिलावाविषयी त्यांचे मत प्रतिकूल आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्द्यात ऋषभ पंतला २७ कोटी रुपयांना घेतल्याचे मी कौतुकाने सांगितले, तर ते म्हणाले, "दोन दिवसांत उरकलं? मंडईत वांगी विकतात तसं? माणसाला काही विचार करायला वेळ?" त्यांना चार महिने लागतात, चार महिने थंडी, अंधार, पेन्सिल आणि विमाने.

बॉबी बोनियाचे नाव मात्र त्यांच्यापुढे जपून काढावे. २००० साली मेट्सला हा उतरणीला लागलेला खेळाडू नकोसा झाला, त्याचे ५९ लाख डॉलर देणे होते, आणि तेव्हाच्या मालकांनी ती रक्कम तत्क्षणी चुकविण्याऐवजी आठ टक्के व्याजाने लांबणीवर टाकली; परिणामी २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला बोनियास ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर पोचते होतात. सारी अमेरिका त्या दिवशी हसते. कारभारी हसत नाहीत. ते त्यास वतन म्हणतात, आणि घराण्याने एकदा दिलेली सनद चालविलीच पाहिजे या पेशवाई बाण्याने त्याचे समर्थन करतात. अर्थात घरातल्या दुरुस्तीवाल्याचे बिलही ते याच तत्त्वावर लांबवू पाहतात आणि तिथे वहिनी आडव्या येतात.

हे वेड आले कोठून, याचा उलगडा मला पुष्कळ उशिरा झाला. १९८६ च्या ऑक्टोबरात, चोवीस वर्षांचे असताना, एका बॅगेनिशी ते न्यू जर्सीत उतरले. चार भारतीय पोरांच्या खोलीत एक दूरचित्रवाणी संच होता, आणि बॉस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू निसटला तो सामना त्यांनी नियम न कळता पाहिला. दोन दिवसांनी मेट्स विश्वविजेते झाले, आणि रस्त्यात अनोळखी माणसांनी या साताऱ्याच्या पोराला, ज्याच्याशी तोवर दुकानदाराखेरीज कोणी बोलले नव्हते, मिठ्या मारल्या. त्यांची समजूत झाली, की या गावी दर शरदात असेच होत असावे. त्यानंतर मेट्स एकदाही अजिंक्य झालेले नाहीत. २००० मध्ये आणि २०१५ मध्ये दारापर्यंत गेले आणि परतले.

सोटो आला त्या २०२५ च्या हंगामात जूनच्या मध्यापर्यंत हा संघ बेसबॉलमधला सर्वोत्तम होता, आणि शेवटच्या दिवशी मायामीत हरून अंतिम फेऱ्यांबाहेर राहिला. नोव्हेंबरात ब्रँडन निमो टेक्सासला देण्यात आला, डिसेंबरात एडविन दियाझ डॉजर्सकडे गेला, आणि दुसऱ्याच दिवशी पीट अलोन्सोने बाल्टिमोरशी ५ वर्षांचा १५ कोटी ५० लाखांचा करार केला. अलोन्सो हा मेट्सनेच वाढविलेला मुलगा. २०१९ साली पहिल्याच हंगामात त्याने ५३ होमरन मारले होते, आणि चारच महिन्यांपूर्वी तो डॅरिल स्ट्रॉबेरीला मागे टाकून संघाच्या इतिहासातला सर्वाधिक होमरनचा धनी झाला होता. इतक्या वर्षांच्या मसलतीत मोकळा झालेला खेळाडू येतो हेच कारभाऱ्यांनी पाहिले होते. आपलाही मोकळा होतो, हे खतावणीत कोठे धरलेले नव्हते.

त्या रात्री फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मीच गेलो. खतावणी उघडी होती, पहिल्या बेसच्या रकान्यात अलोन्सोचे नाव शाईत होते, त्यांनी ते खोडले नव्हते आणि शेजारी पेन्सिलही लावली नव्हती. बोलायला काही सुचेना म्हणून मी विचारले, "विमान?"

"बाल्टिमोरला विमान कशाला लागतंय," ते म्हणाले. "मोटारीनं तीन तास." थोड्या वेळाने म्हणाले, "मुलगी झाली तेव्हा वाटलं होतं, दहा वर्षं इथं राहू आणि साताऱ्याला परत जाऊ. करार तसाच होता." वहिनी चहा घेऊन आल्या, आणि विषय साखरेवर गेला.

मी कितीही वैतागलो तरी एक कबूल करावे लागते, की आमच्या वस्तीत ज्या माणसाला कोणाच्या मुलाची नोकरी गेली, कोणाच्या आईला भारतातून आणायचे आहे, कोणाकडे रात्री रुग्णालयात बसायला माणूस हवे आहे हे सर्वांत आधी कळते तो हाच माणूस आहे, आणि अशा वेळी तो कसलाही हिशेब मागत नाही. खजिनदार म्हणून तो असह्य आहे. त्याला त्या पदावरून काढण्याचा ठराव दर वर्षी येतो आणि त्यास अनुमोदक मिळत नाही.

तेव्हा एडिसन व आसपासच्या मराठी वाचकांना विनंती अशी, की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या मुदतीत रात्री अकरानंतर फोन वाजला आणि कोणी "विमान सुटलं" म्हणाले, तर कोणाचे एवढे विचारावे आणि पाच मिनिटे ऐकून घ्यावे. मार्चअखेरीस सामने सुरू होतात. मग ते स्वतःच फार बोलत नाहीत.